फिरते शहर, थांबलेले नियम: घरातल्या कचऱ्याचा दोष नेमका कोणाचा?

दूरवर्ती (धागा)

कचरा वर्गीकरणाची चर्चा कुठेही निघाली, की थोड्याच वेळात एक तक्रार हमखास ऐकू येते: पूर्वी इथले लोक शिस्तीचे होते, मग बाहेरून माणसे आली, भाडेकरू वाढले आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात ओला कचरा पडू लागला. ही तक्रार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ज्या वस्तीत दर वर्षी बरीचशी घरे हात बदलतात, तिथे वेगळा काढलेला कचरा कमी मिळतो आणि जो मिळतो त्यात भेसळ जास्त असते, हा कचरा उचलणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. माझा आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला.

कचऱ्याची बहुतेक व्यवस्था एक विशिष्ट कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असते. चार-पाच माणसांचे, अनेक वर्षे एकाच पत्त्यावर राहणारे, स्वयंपाकघरात तीन डबे मावतील एवढी जागा असलेले, दिवसा घरात कोणी ना कोणी असणारे आणि वर्षाच्या सुरुवातीला आलेले वेळापत्रक दारामागे चिकटवून ठेवणारे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगातली ५५ टक्के माणसे शहरांत राहत होती आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल. या वाढत्या शहरांत असे कुटुंब मात्र कमी कमी होत चालले आहे. त्याच्या जागी अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे विद्यार्थी आहेत, एका सदनिकेत राहूनही शीतकपाटातले कप्पे वाटून घेतलेली चार अनोळखी माणसे आहेत, रात्रपाळी करणारे आहेत, आणि मुले दूर गेल्यावर एकट्या उरलेल्या वृद्धाही आहेत.

नव्याने आलेल्या माणसाला वर्गीकरण येत नाही, हे गृहीतकही तपासायला हवे. पुष्कळदा त्याला ते चांगले येत असते, फक्त ते दुसऱ्या शहराचे असते. एका ठिकाणी कागद, डबे आणि प्लास्टिक एकाच डब्यात टाकायचे असते, तर दुसऱ्या ठिकाणी काचसुद्धा रंगाप्रमाणे वेगळी करायची असते. जपानमधल्या कामिकात्सु या छोट्या गावात कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार केले जातात. एका गावी मनापासून अंगी बाणवलेली शिस्त दुसऱ्या गावी चूक ठरते, आणि अशी चूक करणारा माणूस बेफिकीर माणसापेक्षा जास्त आत्मविश्वासाने ती करत राहतो, कारण आपले बरोबर आहे याची त्याला खात्री असते.

स्थलांतराचा दिवस हा तर कचऱ्याचा स्वतंत्र प्रकारच मानायला हवा. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये भाडेकरारांचा मोठा हिस्सा एकाच दिवशी, १ सप्टेंबरला, बदलतो, आणि त्या दिवशी पदपथांवर गाद्या, टेबले, दिवे, चांगल्या अवस्थेतली कपाटे यांचे ढीग लागतात. ही माणसे उधळी आहेत म्हणून असे होत नाही. जुने घर दुपारपर्यंत रिकामे करायचे, नवे घर संध्याकाळी मिळायचे आणि मधल्या काळात कपाट ठेवायला जगात जागा नाही, अशी ती परिस्थिती असते.

म्हणून माझे म्हणणे असे: लोकसंख्येच्या बदलामुळे पुनर्चक्रण बिघडत असेल, तर तो दोष माणसांच्या फिरतेपणाचा नसून, माणसे स्थिर आहेत असे धरून चालणाऱ्या नियमांचा आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

सडेतोड

लेख आवडला, पण पटला नाही. नियम समजायला किती वेळ लागतो? डब्यावर चित्र असते, शेजारी असतात, हातात फोन असतो. माणूस नव्या शहरात बस कोणती पकडायची हे दोन दिवसांत शिकतो आणि बाटली कुठे टाकायची हे दोन वर्षांत शिकत नाही, याचे कारण एकच: चुकीची बस पकडली तर त्याचे स्वतःचे नुकसान होते, चुकीच्या डब्याने काहीच होत नाही.

याचा पुरावा दक्षिण कोरियात आहे. तिथे १९९५ पासून देशभर नेमून दिलेल्या विकतच्या पिशव्यांतच घरचा कचरा टाकावा लागतो. जितका कचरा, तितक्या पिशव्या, तितके पैसे, आणि पुनर्चक्रणासाठी वेगळा काढलेला माल मात्र फुकट उचलला जातो. २००५ मध्ये अन्नाचा कचरा थेट भरावभूमीत, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, टाकण्यावर बंदी आली आणि २०१३ पासून अन्नाच्या कचऱ्यालाही प्रमाणानुसार शुल्क लागू झाले. आता तुमचा लोकसंख्येचा मुद्दा घ्या. याच देशात २००० मध्ये एकट्या माणसाची घरे साधारण १५ टक्के होती आणि २०२३ पर्यंत ती ३५ टक्क्यांवर गेली. म्हणजे दोन दशकांत घराघराची रचना पालटली, तरी व्यवस्था कोलमडली नाही. झ्युरिकमध्येही १९९३ पासून पिशवीवर शुल्क आहे, आणि त्या शहरातल्या रहिवाशांचा मोठा हिस्सा परदेशी नागरिकत्वाचा आहे. पैशाची भाषा सर्वांना येते. तिचा अनुवाद करावा लागत नाही.

भाडेकरूंची, विद्यार्थ्यांची, एकट्यांची बाजू घेताना आपण त्यांना कळत नकळत अज्ञान बालकांच्या रांगेत बसवत आहात, हेही नम्रपणे नोंदवतो.

आकडेमोड

दोन्ही बाजूंनी ‘बदललेली लोकसंख्या’ हा शब्द फार सैल वापरला आहे. त्यात किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे कचऱ्यावरचे परिणाम परस्परविरोधी आहेत.

पहिली गोष्ट उत्पन्नाची. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे २०१ कोटी टन नागरी घनकचरा तयार होत होता, सरासरी दरडोई दररोज ०.७४ किलो, पण देशागणिक ही सरासरी ०.११ किलोपासून ४.५४ किलोपर्यंत पसरलेली होती. जगातली १६ टक्के लोकसंख्या असलेले श्रीमंत देश ३४ टक्के कचरा करत होते. शहरात नव्याने येणारा माणूस बहुधा कमी उत्पन्नाचा असतो, कमी विकत घेतो आणि वस्तू जास्त काळ वापरतो. त्यामुळे नवागतांनी ‘कचरा वाढवला’ हे विधान दरडोई हिशेबात अनेकदा उलटेच ठरेल. कचरा वाढतो तो तोच माणूस त्या शहरात स्थिरावून सुस्थितीत आल्यावर, आणि तोपर्यंत त्याला कोणी नवागत म्हणत नसते.

दुसरी गोष्ट घरातल्या माणसांच्या संख्येची. पाच माणसांच्या घरातही एकच धुलाईयंत्र असते आणि एकट्याच्या घरातही एकच. घरे लहान होतात तेव्हा लोकसंख्या तेवढीच राहिली तरी उपकरणांची, फर्निचरची आणि वेष्टनांची संख्या वाढते. अन्नाचेही तसेच आहे. दुकानातली पाकिटे कुटुंबाच्या मापाची आणि खाणारे तोंड एक. हा परिणाम आपोआप होतो, त्यासाठी कोणी बेशिस्त असावे लागत नाही.

तिसरी गोष्ट कचऱ्याच्या घडणीची. त्याच अहवालानुसार जगाच्या कचऱ्यात अन्न आणि पालापाचोळा ४४ टक्के असतो, पण श्रीमंत देशांत हा वाटा ३२ टक्क्यांपर्यंत उतरतो, कारण कागद आणि प्लास्टिक यांचा वाटा वाढतो. एखाद्या शहरात वेगाने सुबत्ता येते तेव्हा ओल्या कचऱ्यासाठी बांधलेली खतनिर्मितीची जागा अपुऱ्या मालावर चालते आणि सुक्या कचऱ्याची शेड ओसंडून वाहते.

जाता जाता एक समजूत खोडून काढतो. श्रीमंत घरे अन्न फेकतात आणि गरीब घरे फेकत नाहीत, असे सरसकट म्हटले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात घरांमधून वाया जाणारे अन्न जगभरात दरडोई वर्षाला सरासरी ७९ किलो धरले आहे, आणि उच्च, उच्च-मध्यम व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या सरासरींत फरक आहे फक्त ७ किलोंचा.

उंबरठा

सडेतोड, पैशाची भाषा सर्वांना येते हे खरे, पण ती सर्वांशी सारख्या आवाजात बोलत नाही.

माझ्या घरात अंथरुणाला खिळलेले एक वृद्ध माणूस आहे. प्रौढांचे डायपर, हातमोजे, औषधांची पाकिटे, पुसण्याचे कागद या सर्वांचे दिवसाला किती वजन होते, याचा अंदाज ज्याने हे केले नाही त्याला येणार नाही. यातले काहीही धुऊन, वेगळे करून पुनर्चक्रणाला देता येत नाही. पिशवीवर शुल्क लावले, तर आमच्या घराचे शुल्क शेजारच्या घराच्या तिप्पट येईल, आणि शेजारी दर आठवड्याला ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी चपटी करून फुकट देऊन ‘शिस्तीचे’ ठरतील.

शहरांची लोकसंख्या बदलते म्हणजे केवळ बाहेरून माणसे येतात असे नव्हे. आतली माणसे म्हातारी होतात हाही बदलच आहे. जपानमध्ये ६५ वर्षांवरील लोक सुमारे २९ टक्के आहेत. तिथे कचरा ठरलेल्या सकाळी ठरलेल्या कोपऱ्यावर स्वतः नेऊन ठेवायचा असतो. काठी घेऊन चालणाऱ्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ते जमत नाही, आणि मग घरातच पिशव्या साठू लागतात. म्हणून तिथल्या अनेक पालिका अशा वृद्धांच्या दारातून कचरा उचलतात, काही ठिकाणी हाक मारून विचारपूसही करतात. दाराशी पिशवी नसली तर माणूस बरा आहे ना, हे पाहण्याची ती एक वाटही होते. डब्याशेजारी लावलेल्या कोणत्याही दंडाच्या फलकाने हे काम झाले नसते.

सडेतोड

उंबरठा, आपल्या अडचणीबद्दल पूर्ण आदर आहे, आणि मी असा हट्ट धरणार नाही की आजारी माणसाच्या घराकडून तिप्पट शुल्क घ्यावे. अशा घरांना ठरावीक पिशव्या मोफत देता येतात, तान्ह्या बाळांच्या घरांनाही देता येतात. पण अपवादासाठी सूट देणे वेगळे आणि अपवादाकडे पाहून नियमच टाकून देणे वेगळे. धागाकर्त्याच्या लेखात दुसऱ्याकडे कल दिसतो.

दूरवर्ती

मी नियम टाकून द्या असे म्हटलेले नाही, सडेतोड; नियम कोणासाठी लिहिला आहे ते पाहा, असे म्हटले आहे. आणि आपले कोरियाचे उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते असे मला वाटते. तिथल्या अनेक गृहसंकुलांत अन्नाच्या कचऱ्यासाठी खाली एक यंत्र असते, रहिवासी कार्ड लावतो, झाकण उघडते, वजन होते आणि शुल्क त्याच्या घराच्या नावे पडते. म्हणजे आज राहायला आलेल्या माणसालाही, भाषा येत नसली तरी, पहिल्या दिवसापासून चुकता येऊ नये अशी योजना आहे. हे नुसते शुल्क नव्हे, ही फिरत्या माणसाचा विचार करून केलेली मांडणी आहे. तेच शुल्क तुम्ही बिननावाच्या सामाईक डब्यावर लावून पाहा, लोक रात्री पिशवी दुसऱ्याच्या दारात ठेवून येतील.

पाचवा मजला

मला दोघांचेही म्हणणे अर्धे वाटते, कारण दोघेही माणसाकडे पाहत आहेत, इमारतीकडे कोणीच पाहत नाही.

सिंगापूरचे पाहा. तिथल्या रहिवासी कुटुंबांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. धागाकर्त्याच्या सिद्धांताप्रमाणे, माणसे स्थिर, म्हणजे पुनर्चक्रण उत्तम असायला हवे. सडेतोड यांच्या सिद्धांताप्रमाणे, शिस्त आणि दंड यांबद्दल ज्या शहराचा जगभर बोलबाला, तिथे प्रश्नच उरायला नको. प्रत्यक्षात घरगुती कचऱ्यातून पुनर्चक्रणाला जाणारा वाटा २०१८ मध्ये सुमारे २२ टक्के होता आणि २०२२ पर्यंत तो १२ टक्क्यांवर घसरला. पुनर्चक्रणाच्या निळ्या डब्यांत जे पडते, त्यातले जवळपास ४० टक्के तिथे पडायलाच नको असते.

कारण काय? उंच इमारती आणि घरोघरची कचऱ्याची मोरी, म्हणजे ज्या उभ्या नळकांड्यातून पिशवी सरळ तळमजल्यावर जाते ती. स्वयंपाकघरातून हात लांबवला की सगळा कचरा नाहीसा होतो, आणि पुनर्चक्रणाचा डबा मात्र लिफ्टने खाली जाऊन, चालत जाऊन गाठायचा. एका बाजूला शून्य कष्ट आणि दुसऱ्या बाजूला पाच मिनिटे. ही स्पर्धा हरण्यासाठी माणूस परका असावा लागत नाही. तिथल्या सरकारलाही हे उमगले असावे, कारण २०१४ पासून नव्या सार्वजनिक गृहसंकुलांत आणि २०१८ पासून चार मजल्यांहून उंच अशा नव्या खासगी संकुलांत पुनर्चक्रणासाठी दुसरे नळकांडे बांधणे सक्तीचे झाले.

शहराची लोकसंख्या वाढते तेव्हा ते उभे वाढते. जमिनीलगतच्या घरात कचऱ्याला मागचे दार असते, बाराव्या मजल्याला नसते. ‘बाहेरचे लोक आले आणि बिघडले’ आणि ‘उंच इमारती आल्या आणि बिघडले’ या दोन गोष्टी त्याच दहा वर्षांत घडतात, म्हणून एकीचा दोष दुसरीच्या माथी जातो.

जुनी रद्दी

पाचवा मजला यांनी इमारतीचा विषय काढलाच आहे, तर थोडे मागे जाऊ. हा वाद दीडशे वर्षे जुना आहे.

पॅरिसची लोकसंख्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुपटीहून जास्त झाली; त्यात १८६० च्या हद्दवाढीचा वाटा होता आणि खेड्यांतून आलेल्या मजुरांचाही. १८८३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथले प्रशासक यूजेन पुबेल यांनी आदेश काढला की प्रत्येक इमारतीत कचऱ्यासाठी झाकणाचे डबे असावेत, आणि तेही तीन: एक नाशवंत कचऱ्यासाठी, एक कागद व चिंध्यांसाठी, एक फुटकी भांडी, काच आणि शिंपल्यांसाठी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की डबे पुरवण्याची जबाबदारी भाडेकरूवर नव्हे, इमारतीच्या मालकावर टाकली होती. मालक चिडले, चिंध्या वेचणारे त्याहून चिडले, तीन डब्यांचे वर्गीकरण काही टिकले नाही, पण डबा टिकला आणि फ्रेंच भाषेत आजही त्याला त्यांच्याच आडनावाने ओळखतात.

न्यूयॉर्कची गोष्ट धागाकर्त्याला अधिक उपयोगी पडेल. १८९० च्या जनगणनेत त्या शहरातली पाचांपैकी दोन माणसे परदेशात जन्मलेली होती. १८९५ मध्ये सफाई खात्याचे प्रमुख झालेले जॉर्ज वेअरिंग यांनी राख, ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सक्ती केली. दंड होताच, पण त्याबरोबर त्यांनी स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या शाळकरी मुलांच्या सफाई-मंडळ्या उभ्या केल्या. ज्या घरात आईवडिलांना इंग्रजी येत नव्हते, तिथे नियम घेऊन जाणारे दूत घरातलेच होते.

मात्र या धाग्यात एका गोष्टीचा कोणीच उल्लेख केला नाही, याचे मला नवल वाटते. शहरात नव्याने आलेला माणूस म्हणजे कचरा करणारा एवढेच इथे सर्वांनी धरले आहे. कैरो शहराचा कचरा गेली कित्येक दशके ज्यांनी उचलला, ते ‘झब्बालीन’ स्वतः दक्षिण इजिप्तच्या खेड्यांतून १९४० च्या दशकापासून तिथे आलेले स्थलांतरित. ते दारोदार जाऊन कचरा गोळा करत, अन्नाचा भाग डुकरांना घालत आणि उरलेले कागद, पत्रा, प्लास्टिक निवडून विकत. गोळा केलेल्यातला ८० टक्क्यांपर्यंत माल ते पुन्हा वापरात आणतात, असे वारंवार सांगितले जाते. २००३ मध्ये शहराने परदेशी कंपन्यांना कंत्राटे दिली, ज्यांच्या पद्धतीत लोकांनी पिशवी खाली रस्त्यावरच्या डब्यापर्यंत न्यायची होती, आणि पुष्कळ लोकांनी ती नेली नाही. मग २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने देशातली डुकरे मारून टाकली, आणि ओला कचरा रस्त्यांवर कुजू लागला. स्थिर नागरिकांच्या शहराचे पुनर्चक्रण फिरत्या माणसांच्या खांद्यावर उभे होते, हे तेव्हा अनेकांना प्रथमच दिसले.

सडेतोड

जुनी रद्दी, इतिहास वाचनीय आहे, पण त्याला गुलाबी रंग देऊ नये. उघड्या हातांनी काचा आणि सुया वेचणारी माणसे, शाळेऐवजी ढिगावर बसणारी मुले, धूर आणि त्वचारोग, हे त्या ‘८० टक्क्यां’मागचे वास्तव आहे. आपल्या मुलाने हे काम करावे असे या धाग्यावरच्या किती जणांना वाटेल? गरीब स्थलांतरितांचा ओघ आहे म्हणून स्वस्तात निवडला जाणारा कचरा ही व्यवस्था नव्हे, तो परिस्थितीचा फायदा आहे. आणि त्याच्या आधारावर उभे असलेले पुनर्चक्रण ठिसूळ असते, कारण त्या माणसांची पुढची पिढी दुसरे काम शोधते आणि तिने ते शोधावेच.

जुनी रद्दी

कामाच्या अवस्थेबद्दल आपण म्हणता ते सारे मान्य. पण काम वाईट अवस्थेत होते म्हणून ते कौशल्य नव्हते असे ठरत नाही. हातात घेतलेले प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे हे आवाजावरून आणि लवचीकपणावरून ओळखणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना हातमोजे, पट्ट्यावरची निवड, ठरलेली मजुरी आणि ओळखपत्र द्यायचे, की त्यांना हाकलून बंद गाडीत सगळे एकत्र दाबून न्यायचे, असे दोन रस्ते आहेत. ब्राझीलने २०१० च्या घनकचरा कायद्यात वेचकांच्या सहकारी संस्थांना व्यवस्थेत जागा दिली. म्हणजे हे अशक्य नाही. ठिसूळपणाचेच म्हणाल, तर २०१८ मध्ये चीनने परदेशी टाकाऊ प्लास्टिक आणि मिश्र कागद घेणे बंद केले, तेव्हा श्रीमंत शहरांची शिस्तबद्ध पुनर्चक्रण व्यवस्था किती मजबूत होती हे दिसलेच. त्यांचा वर्गीकृत माल वर्षानुवर्षे जहाजात भरून दुसऱ्याच्या दारात जात होता.

चावीवाला

मी घरे भाड्याने देतो, त्यामुळे इथे माझी बाजू मांडणारे कोणी नाही हे पाहून लिहीत आहे.

पुबेल यांच्या आदेशाचे कौतुक वाचले. जबाबदारी मालकावर टाकणे प्रशासनाला सोपे जाते, कारण मालक पळून जात नाही. पण पुढे काय होते ते ऐका. माझ्या एका इमारतीत सामाईक डब्यात भेसळ सापडली की दंड संपूर्ण इमारतीला होतो. चूक कोणाची हे कळत नाही. दोनदा दंड भरल्यावर इमारतीतल्या इतर मालकांची बैठक झाली आणि त्यात पहिली सूचना आली ती अशी, की यापुढे विद्यार्थ्यांना आणि ‘बाहेरच्यांना’ घर देऊ नये. कोणी डबे वाढवण्याबद्दल बोलले नाही, चित्रांच्या फलकाबद्दल बोलले नाही. कचऱ्याचा सामूहिक दंड हे भाडेकरू निवडण्याचे निमित्त झाले.

सडेतोड यांना हे अभिप्रेत नसेल याची मला खात्री आहे. पण दंड जिथे नेमका पोचू शकत नाही, तिथे तो सर्वांत दुबळ्या माणसावर जाऊन पडतो, असा माझा अनुभव आहे.

दूरवर्ती

चावीवाला यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्याच लेखातली एक उणीव दिसली. मी नियमांनी फिरत्या माणसाचा विचार करावा असे म्हटले, पण फिरत्या माणसाला गाठायचे कधी, हे लिहिले नाही. माझ्या मते तो क्षण एकच असतो: घराची चावी हातात येते तो. त्या दिवशी माणूस विजेच्या जोडणीचे नाव बदलतो, इंटरनेट घेतो, पाणी कुठून बंद होते ते विचारतो. नव्या घराचे सगळे नियम तो त्या दोन दिवसांत शिकायला तयार असतो आणि पुढे सवय बसली की ऐकत नाही. पालिका मात्र त्याला गाठते मालमत्ता कराच्या पावतीबरोबर, म्हणजे मालकाच्या पत्त्यावर. जोडणीवरचे नाव बदलल्याची खबर पालिकेला मिळाली आणि त्याच आठवड्यात डबे, चित्रे आणि जुने सामान देण्याची तारीख त्या दारात पोचली, तर निम्मी भेसळ तिथेच थांबेल असे मला वाटते. पाचवा मजला यांचा मुद्दाही मान्य करतो. इमारतच चुकीची बांधली असेल तर माझ्या चित्रांचा उपयोग मर्यादित राहील.

सडेतोड

चावीच्या क्षणाची कल्पना चांगली आहे, तिला माझा पाठिंबा. सामूहिक दंडाला मात्र माझा कधीच पाठिंबा नव्हता. माझा आग्रह घरागणिक मोजणीचा आहे आणि चावीवाला यांची अडचण मोजणी नसल्यामुळेच उद्भवली आहे. खाली कार्डाचे झाकण बसवा, मग विद्यार्थी आणि म्हातारा मालक दोघांचाही हिशेब समोर येईल, आणि कदाचित बैठकीतल्या काही मंडळींना आपल्याच घराचा आकडा पाहून आश्चर्य वाटेल. माहिती मिळूनही जो वर्षभर चुकतो त्याचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र धागाकर्त्याने अजून दिलेले नाही.

उंबरठा

मोजणी आलीच, तर डायपरचे वजन वगळून आकडा लावण्याची सोय त्या झाकणात पहिल्या दिवसापासून असावी, नंतर अर्ज करून मिळणारी नसावी. अर्ज भरायला ज्यांना वेळ असतो, त्यांना बहुधा सूट लागत नाही.

चावीवाला

दूरवर्ती, आपली सूचना वाचून मी आज कपाटातली भाडेकरूंना देण्याची फाइल काढली. विजेचा अर्ज, पाण्याची वेळ, लिफ्टचा क्रमांक, आणि शेवटी कचऱ्याच्या नियमांचे एक पान, जे मी गेली सहा वर्षे प्रत्येक नव्या भाडेकरूला चावीबरोबर देत आलो आहे. त्या पानावर काच आणि पत्रा एकाच डब्यात टाका असे लिहिले आहे. तो नियम चार वर्षांपूर्वी बदलला.